अक्काच्या मेंढ्या आणि पेरॉक्साइडची बाटली

त्या वर्षी माझं डोकं सगळं पांढरं झालं आणि मिशी मात्र काळीच राहिली. केसांनी पिकायचं तर सगळ्यांनी मिळून, एकविचाराने पिकावं, एवढी माणसाची साधी अपेक्षा असते. माझ्या मिशीने ऐकलं नाही. डोकं आजोबांचं आणि मिशी नवरदेवाची. सकाळी आरशात बघितलं की वाटायचं, रात्री कुणीतरी येऊन नाकाखाली चिकटवून गेलंय.

माझ्या बायकोची मोठी बहीण, म्हणजे नात्याने माझी आकडसासू, आमच्याकडे जेवायला आली होती. आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो. पानं वाढून झाली, तिने पहिला घास घेतला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "भाऊजी, मिशी भाड्याने आणलीत का? परत कधी द्यायचीय?"

बायकोला हसून हसून ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर ती पुन्हा हसली. मी जेवण संपवलं, हात धुतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाऊन फ्रिजमधली हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली उघडली.

काम कुठलं ते सांगायला हवं. जनावरांचे रोग ओळखणाऱ्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं स्लाइड रंगवल्या. तिथे सगळे मला रंगारी म्हणत. मेलेल्या जनावराच्या अवयवाचा तुकडा यायचा, तो मी मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचो, मायक्रोटोमवर त्याचे काप काढायचो, काप काचेवर चिकटवायचो आणि रंगवायचो. मायक्रोटोम म्हणजे काप काढायचं यंत्र. चाक फिरवलं की ब्लॉक पात्यावरून खाली येतो आणि मेणाची एक चकती सुटते. माझे काप इतके पातळ असत की कांद्याचा पापुद्रा त्यांच्यापुढे सतरंजी वाटावा. एकदा काप काढताना मला शिंक आली, काप उडाला तो खिडकीतून बाहेर, आणि तिसऱ्या दिवशी समोरच्या इमारतीत एका कारकुनाच्या चहावर तरंगताना सापडला. त्याने साय समजून चमच्याने बाजूला काढला. निरोगी गाईचं यकृत होतं, म्हणून मी काही बोललो नाही.

पण माझं खरं नाव झालं होतं ते स्क्रेपीच्या स्लाइडमुळे. हा मेंढ्यांचा रोग. यात जंतू नसतो. मेंदूतलंच एक प्रथिन वाकडं वळतं आणि शेजारच्या प्रथिनांनाही वाकडं वळायला शिकवतं. त्या बिघडलेल्या प्रथिनाला प्रायॉन म्हणतात. उकळून ते मरत नाही, कारण मुळात ते जिवंतच नसतं. मेंढीला खाज सुटते, ती कुंपणाला अंग घासून लोकर उतरवते, मग तिचे पाय अडखळायला लागतात आणि एक दिवस ती उठत नाही. मेल्यावर तिच्या मेंदूच्या देठातला एक ठरावीक तुकडा घेऊन रंगवायचा. वाकडं प्रथिन असेल तिथे तपकिरी डाग उठतात. नसेल तर सगळं निळं राहतं, शांत. एक जरी मेंढी तपकिरी निघाली तरी पशुसंवर्धन खात्याची माणसं ट्रक घेऊन येतात आणि अख्खा कळप घेऊन जातात. कळप परत येत नाही.

आता पेरॉक्साइड कशाला लागतं? तर हा तपकिरी रंग रक्ताला भुलतो. रक्तातलं एक द्रव्य त्याला आपण होऊन तपकिरी करून टाकतं, प्रायॉन असो की नसो. म्हणून रंगवण्याआधी स्लाइड पेरॉक्साइडमध्ये बुडवून ठेवायची. रक्ताची सगळी मस्ती तिथे जिरते. मग रंग जिथे बोलावलाय तिथेच बसतो, आगंतुकासारखा कुठेही पाय पसरत नाही.

हेच पेरॉक्साइड केसांचाही रंग उडवतं, म्हणून त्या बाटलीतलं थोडं मी वाटीत घेतलं, पाणी घातलं आणि कापसाच्या बोळ्याने मिशीला लावलं. पहिल्या दिवशी ओठ असा चुरचुरला की दोन दिवस मला प आणि ब म्हणता येईना. पेरॉक्साइड हा शब्द तर उच्चारणंच अशक्य, त्यामुळे गुपित आपोआप राहिलं. मिशी पांढरी काही झाली नाही. मक्याच्या कणसाला शेंड्याला केस असतात ना, तशी झाली. पण डोक्याशी तिचं भांडण तरी मिटलं. बायको म्हणाली, "ही बरी आहे. ही कुठून आणलीत?"

अडचण एकच होती. मिशी मुळातून रोज काळी उगवायची, त्यामुळे रोज सकाळी बोळा फिरवणं आलं. बाटली होती सबंध प्रयोगशाळेत एकच, आणि आमच्या मॅडमनी तिच्यावर पेनाने रेघ मारून ठेवलेली. मी जितकं काढायचो तितकं पाणी रेघेपर्यंत भरायचो. नळाचं नाही. शुद्ध, ऊर्ध्वपातन केलेलं. चोर झालो म्हणून कामातली शिस्त सोडली नव्हती.

मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख डॉक्टर. स्लाइड बघताना त्या बोलत नसत आणि बोलायला लागल्या की समोरच्याला स्लाइडमध्ये जाऊन बसावंसं वाटे. दीड-दोन महिन्यांनी त्या म्हणाल्या, "रंगारी, अलीकडे तुमचं निळं मळकट यायला लागलंय. धुवायचा कंटाळा करता का?"

"नाही मॅडम. पाण्याचा दोष असेल."

यात एक अक्षर खोटं नव्हतं, फक्त ते खरं आहे हे मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं. स्लाइड वाचता येत होत्या, निकाल जात होते, मिशी चमकत होती. बाटलीचा आणि स्लाइडचा संबंध एकतीस वर्षं मुरलेल्या माझ्या डोक्यात आला नाही, याचं आजही मला नवल वाटतं. माणूस मिशीत गुंतला की त्याच्या वरचा भाग काम करेनासा होतो.

आणि मग अक्काची मेंढी आली.

अक्काकडे एकशे त्रेसष्ट मेंढ्या होत्या. नवरा गेल्यापासून ती एकटीच त्यांचं सगळं बघायची. त्यातली एक खाजवत खाजवत कुंपणावर झेपावायची, एके दिवशी तोल जाऊन खड्ड्यात पडली आणि मेली. गुरांच्या डॉक्टरांनी खाजेचं ऐकलं आणि डोकं व कातडीचा एक तुकडा आमच्याकडे पाठवला. आमच्याकडे येतं ते फक्त नंबर घेऊन. मेंढी कुणाची हे रंगवणाऱ्याला कळू नये असा नियम. पण अक्काला नियम कोण सांगणार? तिने त्याच संध्याकाळी घरी फोन केला.

"भाऊजी, आमची मेंढी तुमच्याकडे आलीय. जरा सांभाळून घ्या तिला."

"अक्का, ती मेलेली आहे."

"म्हणून काय झालं?"

नातेवाइकाचं जनावर असेल तर तसं सांगून बाजूला व्हायचं, हाही नियम होता. मी सांगितलं नाही. मनात म्हटलं, एवढ्या बारीक तुकड्याला माझ्याशिवाय हात कोण लावणार? खड्ड्यात आपटून मेंदूचा चेंदामेंदा झाला होता, सगळीकडे रक्त झिरपलेलं. नेमका हवा तो तुकडा घेवड्याच्या दाण्याएवढा शाबूत राहिला होता. तो फॉर्मॅलीनमध्ये ठेवला, फॉर्मिक अॅसिडमध्ये तासभर बुडवून निरुपद्रवी केला, मेणात बसवला. खात्याने मुदत दिली होती शुक्रवार दुपारची. तोवर स्वच्छ निकाल आला नाही तर कळप संशयित धरणार आणि शनिवारी ट्रक लागणार.

सोमवारी पहिली फेरी रंगवली. प्रत्येक फेरीत आम्ही ओळखीच्या दोन स्लाइड सोबत घालतो. एक नक्की आजारी असलेल्या मेंढीची, ती तपकिरी व्हायलाच हवी. दुसरी नक्की निरोगी मेंढीची, ती निळी राहायलाच हवी. त्यांना आम्ही साक्षीदार म्हणायचो. साक्षीदार खोटं बोलला की सगळा खटला बाद.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. अक्काची मेंढी तपकिरी. मग त्यांनी निरोगी साक्षीदार बघितला. तोही तपकिरी.

"बाद," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा."

मंगळवारी रंगाची नवी बाटली फोडली. सगळं तपकिरी. बुधवारी स्लाइड बुडवायची सगळी भांडी बदलली, प्रत्येक पाणी दोनदा बदललं. साक्षीदार अजूनच तपकिरी आणि अक्काची मेंढी तर अशी दिसत होती की जणू कुणी तिच्यावर कॉफी सांडलीय. दर फेरीला ब्लॉकमधला तुकडा झिजत होता. बुधवारी संध्याकाळी मी तो उजेडासमोर धरला. मेणात एक पुसटशी सावली उरली होती. एक काप निघेल, नशीब असेल तर दोन.

घरी गेलो तर अक्का येऊन बसलेली. एरवी मी दार उघडायच्या आत तिचा टोमणा उंबरठ्यावर येऊन थांबलेला असतो. बायकोने ताट वाढलं, अक्काने त्यातला एक घास मोडला आणि तसाच ठेवला.

"शनिवारी ट्रक येणार म्हणतात," ती म्हणाली. "मी विचारलं, लंगडीला उचलून घ्याल ना, तिला फळीवरून चढता येत नाही. तर तो माणूस म्हणतो, बाई, काही फरक पडत नाही."

बायको म्हणाली, "अहो, तुम्ही बोला काहीतरी."

मला वाटत होतं, आपला हात गेला. म्हातारपण असं येतं तर, मिशीतून नाही, हातातून.

गुरुवारी सकाळी मी दाढी करत होतो. बायको टॉवेल द्यायला आली आणि आरशात बघत थांबली.

"पुन्हा काळी पडायला लागली की तुमची मिशी. पंधरा दिवस बघतेय."

"काळी कशी पडेल? रोज लावतोय."

"काय लावताय?"

माझा वस्तरा हवेतच राहिला. रोज लावतोय आणि तरी काळी पडतेय. म्हणजे बाटलीत जे आहे ते मिशीचा रंगसुद्धा उतरवू शकत नाही, ते रक्ताला काय गप्प करणार? मी अर्धी दाढी तशीच ठेवून निघालो. रस्त्यात लोक वळून बघत होते. एका बाजूला गुळगुळीत, एका बाजूला साबण.

मॅडम खोलीत कागद वाचत होत्या. मी दार लोटलं आणि उभ्या उभ्या सगळं ओतलं. मिशी, बोळा, बाटली, पाणी, आणि हो, ती मेंढी माझ्या बायकोच्या बहिणीची आहे.

त्यांनी चष्मा काढला. "एका दमात किती सांगणार आहात?"

"संपलं मॅडम."

"म्हणजे असं," त्या अगदी सावकाश बोलायला लागल्या, "मेंढी तुमच्या अक्कांची. स्लाइड तपकिरी. आणि मुदतीच्या आदल्या दिवशी तुम्ही मला सांगताय की तपकिरी खरं नाही, कारण तुम्ही मिशीला पेरॉक्साइड लावता. तुमच्या जागी मी असते तर याहून बरी थाप मारली असती."

एकतीस वर्षं मी त्या इमारतीत थापा मारल्या होत्या. चहावरचा काप सगळ्यांनी ऐकला होता. आता खरं बोलत होतो तर ते कुणी घेईना. मी फ्रिजमधून बाटली आणली, सुईने बोट टोचलं, स्लाइडवर रक्ताचा थेंब ठेवला आणि त्यावर बाटलीतले दोन थेंब सोडले. चांगलं पेरॉक्साइड रक्तावर पडलं की दूध उतू जावं तसा फेस येतो. इथे काही नाही. रक्त पाण्यात पसरत गेलं, एखाद-दुसरा बुडबुडा आला आणि तोही लाजून फुटला.

मॅडमनी शेजारच्या विभागातून नवी सीलबंद बाटली मागवली. मी दुसरं बोट टोचलं. या वेळी फेस स्लाइडवरून ओघळून टेबलावर आला.

मॅडम फेसाकडे बघत राहिल्या, मग माझ्या मिशीकडे. त्यांचा ओठ जरा हलला, पण हसू त्यांनी वर येऊ दिलं नाही.

"चुकांची वही आणा," त्या म्हणाल्या. "कारण स्वतःच्या हाताने लिहा. 'द्रावण सौम्य झाल्यामुळे' वगैरे नको. कुणी केलं, कशासाठी केलं, किती दिवस केलं. आणि दोन महिन्यांच्या सगळ्या स्लाइड तुम्ही पुन्हा रंगवणार. एकेचाळीस आहेत."

मी लिहिलं. 'मिशी' हा शब्द त्या वहीत पहिल्यांदाच येत होता.

"आता काप," मॅडम म्हणाल्या. मी मायक्रोटोमकडे वळलो तशा त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही. तुम्ही नातेवाईक आहात. हात खिशात घाला."

"मग कोण काढणार?"

"मी."

मॅडम अठरा वर्षांत त्या स्टुलावर बसल्या नव्हत्या. ब्लॉकमध्ये एक काप होता, नशीब असेल तर दोन. मी खिशात मुठी आवळून त्यांच्या मागे उभा राहिलो.

"ब्लॉक आधी बर्फावर ठेवा, मॅडम. जरा घट्ट होऊ दे."

"मला माहीत आहे."

"चाक सावकाश. एका लयीत. थांबायचं नाही."

"मला माहीत आहे म्हटलं ना."

"आणि श्वास सोडू नका."

"कुठवर?"

"मी सांगेपर्यंत."

चाक फिरलं. पहिला काप आला आणि पात्यावरच सुरळी होऊन बसला, ब्रशच्या टोकानेही उलगडेना. गेला. मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी खिशात माझी किल्ली इतकी दाबली की तिचा ठसा आठवडाभर तळव्यावर होता. हवी तर त्या ठशाने दारही उघडलं असतं.

"पुन्हा," मी म्हणालो. एकतीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदाच हा शब्द म्हणत होतो.

चाक फिरलं. या वेळी काप सरळ उतरला, रुपेरी, जरासा थरथरत. मॅडमनी तो ब्रशवर तोलून कोमट पाण्याच्या पसरट भांड्यात सोडला. तो पाण्यावर पडला, एक सुरकुती आली, हळूच सपाट झाली. मॅडमनी खालून स्लाइड सरकवली आणि त्याला वर उचललं. मग त्या माझ्याकडे वळल्या, डोळे मोठे करून. त्यांनी अजून श्वास सोडला नव्हता.

"सोडा," मी म्हणालो.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. मी भिंतीशी उभा राहून घड्याळ वाचत होतो. किती मिनिटं वाफेच्या दाबाखाली, किती मिनिटं नव्या पेरॉक्साइडमध्ये, किती वेळा धुवायचं. शुक्रवारी सकाळी स्लाइड तयार झाली. आमच्या सूक्ष्मदर्शकाला दोन माणसांसाठी दोन नळ्या होत्या. मॅडमनी एकीला डोळा लावला आणि दुसरीकडे बोट दाखवलं. "बघा. बघायला हात लागत नाही."

आधी आजारी साक्षीदार. तपकिरी, ठळक, हवा तिथेच. मग निरोगी. निळा, सगळीकडे निळा. मग अक्काची मेंढी.

मॅडम स्लाइड एका कोपऱ्यापासून ओळीने सरकवत गेल्या, शेतात नांगर फिरवावा तशी, एक ओळ वर, एक ओळ खाली. सगळ्या पेशी निळ्या, रक्ताचे ठिपके फिकट, गप्प. शेवटच्या कोपऱ्यात पोचल्यावर त्या पुन्हा पहिल्या कोपऱ्यावर गेल्या आणि सगळं दुसऱ्यांदा बघितलं. मला वाटतं ते त्यांनी नियमासाठी केलं. मी मात्र दुसऱ्यांदा काही पाहिलं नाही, माझ्या नळीत सगळं धूसर झालं होतं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "प्रायॉन नाही. कातडीच्या तुकड्यात खरजेचे किडे सापडलेत. साधी खरूज आहे हो. औषधाच्या हौदात बुडवून काढा म्हणावं सगळ्यांना."

अक्का बाहेर बाकावर बसली होती. मॅडमनी तिच्या हातात निकाल दिला आणि सोबत चुकांच्या वहीच्या त्या पानाची प्रत. तपासणी पुन्हा का करावी लागली हे मालकाला कळवायचं, असा नियम होता. माझ्या आयुष्यात त्या आठवड्यात जितके नियम आले तितके आधी एकतीस वर्षांत आले नव्हते.

अक्काने आधी निकाल वाचला. मग डोळे पुसले, नाक पुसलं आणि दुसरं पान उचललं. वाचता वाचता ती थांबली, मागे गेली, पुन्हा वाचलं.

"भाऊजी, हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"माझ्या त्या बोलण्यामुळे?"

"छे. तसं काही नाही."

"तसंच आहे." तिने दोन्ही कागद घडी करून पिशवीत ठेवले. "कमाल आहे. मी चेष्टेत एक वाक्य बोलले आणि तुम्ही माझा सगळा कळप मिशीला लावून बसलात." मग म्हणाली, "रविवारी काय करताय?"

रविवारी मी छातीएवढ्या औषधाच्या हौदात उभा होतो. एका टोकाने बायको मेंढ्या आत ढकलत होती, मी एकेकीचं डोकं क्षणभर पाण्याखाली दाबायचो आणि दुसऱ्या टोकाने तिला बाहेर लोटायचो. अक्का कुंपणावर बसून मोजत होती. एकशे बासष्ट मेंढ्या. प्रत्येकीने मला एकदा पाडलं. एडक्याने दोनदा, आणि दुसऱ्यांदा तर तो हौदातून बाहेर पडून सबंध वळसा घालून परत आला होता, केवळ त्यासाठी.

सगळ्यात शेवटी लंगडी राहिली. तिला फळीवरून चढता येईना, म्हणून मी तिला उचलून आत घेतलं, भिजवलं आणि उचलूनच बाहेर ठेवलं. ती तीन पायांवर उभी राहिली, अंग झटकलं आणि बाकीच्यांत मिसळली.

"एकशे बासष्ट," अक्का म्हणाली.

मोजून झालं तरी ती कुंपणावरून उतरली नाही. ओल्या मेंढ्या उन्हात वाफाळत उभ्या होत्या, बायको तिच्या शेजारी जाऊन टेकली, आणि दोघी बहिणी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी हौदातच होतो. काठ उंच होता आणि माझे बूट तळाच्या गाळात रुतले होते. मला वर काढायला हवं हे त्यांच्या लक्षात यायला चांगला अर्धा तास लागला.